पुरावा क्रमांक दोन

मोंबासाच्या कोर्टात एकवीस वर्षं मी दुभाषी.
लोक बोलतात ते उचलायचं, पलीकडे नेऊन ठेवायचं,
तिथं साहेब ते इंग्रजीत लिहून घेतात.
आज किसाऊनीची म्वानाहारुसी साक्षीला उभी आहे
आणि टेबलावर मुसळ.
सुतळीनं चिठ्ठी बांधलेली,
चिरेत अजून तांदळाचं पीठ.

ती म्हणते, अलिनिपिगा.
मारलं त्यानं मला.

सोपं आहे. पण या किनाऱ्यावर सगळंच मारतात.
फोन मारतात, फोटो मारतात, कपड्यांना इस्त्री मारतात,
फरशीला पोछा, समुद्रात बुडी,
शिंकसुद्धा मारतात, जांभईसुद्धा,
देवापुढे गुडघे मारतात,
पाच वर्षांनी रांगेत उभं राहून मत मारतात,
आणि घाबरलेल्याला सांगतात,
काळजावर एक मूठ मार, बाबा, आणि नीघ.

म्बारूकचे वकील उठतात. कोट जरा आखूडच.
"बाई, नक्की काय? अलिनिपिगा, की अलिनिपिगिया?
मारलं, की फोन केला?"
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसतं.

एवढासा 'इया'.
तो शेवटी जोडला की फटका
कुणाच्या अंगावर पडत नाही,
कुणासाठी तरी होतो.

म्वानाहारुसी वकिलांकडे बघते,
मग मुसळाकडे,
आणि क्रियापदच बदलते.
अलिनित्वांगा.

आता मी अडते.
हे मारणं नव्हे, कांडणं.
वरून, पुन्हा वरून,
घाई न करता,
कोंडा सुटेपर्यंत.

माझी आई सरोवराकाठची. आमच्या धोलुओत गोयो.
गोयोनं आम्ही गप्पा मारतो आणि आभारही मारतो.
लहानपणी मला वाटायचं,
आभार घेणाऱ्याला थोडं लागत असणार.
टंकलेखनाला बसलेली न्यागुथी किकुयू आहे, तिचा हुरा.
बोटं किल्ल्यांवर अधांतरी धरून
ती माझ्या तोंडाकडे बघत राहते.
भिंतीपलीकडच्या मदरशात पोरं अरबी व्याकरण घोकताहेत:
झैदनं अम्रला मारलं. झैद कर्ता. अम्र कर्म.
रोज सकाळी मारतो. कशानं ते पुस्तकात नाही.
का, तेही नाही.
अम्रनं अजून तोंड उघडलेलं नाही.

"दुभाषी?"

"त्यानं मला कांडलं, साहेब. असं ती म्हणते."

साहेब चष्म्यावरून बघतात.
"कांडतात ते धान्य."
आणि लिहितात: मारहाण केली.

उखळात पाणी कांडू नये, म्हणतात इथले म्हातारे.
शिपाई शिक्का मारतो.
टेबल हलतं, मुसळ गडगडत कडेपर्यंत येतं,
ती चटकन पुढे होऊन ते धरते.
हाताला सवय होती.
पोलीस ओरडतो, पुराव्याला हात लावायचा नाही.

जिन्यावर तिनं माझा नंबर घेतला.
निताकुपिगिया, म्हणाली.
मारीन तुझ्यासाठी. म्हणजे, फोन करीन.

तीन आठवडे काही नाही.
मग एका गुरुवारी, मी माशाचे खवले काढत असताना,
फोन वाजला. ओल्या हातानंच घेतला.
वाटलं, रडेल. वाटलं, तो परत आला असेल.
पलीकडे कोंबड्या, कुणाचातरी रेडिओ,
आणि मग तिचा आवाज:

"ते मुसळ कधी सोडतील हो?
शेजारीण देते तिचं, पण रोज तोंड वाकडं करते.
आणि हलकं आहे ते.
तांदूळ नुसते उडतात."